टर्बो ‘गेला’ म्हणण्यापूर्वी...

डिझेल मोटारींच्या लाटेत रस्त्यावर आलेल्या लाखो गाड्या आता पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर येत आहेत. त्या ठेवायच्या की भंगारात काढायच्या, हा प्रश्न जितका धोरणाचा आहे, तितकाच अचूक निदानाचा आहे.

वाईहून पाचगणीकडे जाणाऱ्या पसरणी घाटाच्या चढणीवर दहा-बारा वर्षांची डिझेल मोटार अचानक ओढेनाशी होते. मागे काळा धूर, समोर इंजिनाचा पिवळा दिवा आणि दुसऱ्या गिअरवर रांगणारी गाडी! परतल्यावर गाडी गॅरेजमध्ये जाते आणि दोन शब्दांत निकाल लागतो : ‘टर्बो गेला.’ नव्या टर्बोचा खर्च ऐकल्यावर मालक मनातल्या मनात गाडीच्या बाजारभावाशी त्याची तुलना करतो आणि भंगाराचा विचार सुरू होतो. पुण्या-मुंबईतील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना हा प्रसंग अनोळखी नाही. मात्र या निकालात निदान किती आणि अंदाज किती, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

या गाड्या आल्या कोठून, हे पाहिले तर प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले; डिझेल मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रणात राहिले. दोन्ही इंधनांच्या दरांतील तफावत या काळात एवढी वाढली, की २०१२-१३ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक मोटारी डिझेलच्या होत्या. या लाटेचा मोठा भार एकाच इंजिनाने उचलला. फियाटचे १२४८ सीसी क्षमतेचे १.३ मल्टिजेट इंजिन मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ व एर्टिगामध्ये होते, टाटांच्या इंडिका व्हिस्टा आणि मांझामध्ये होते, तसेच पुण्याजवळच्या रांजणगावातून बाहेर पडणाऱ्या पुंटो आणि लिनियामध्येही होते. ‘भारताचे राष्ट्रीय इंजिन’ असे त्याचे टोपणनाव पडले ते उगीच नव्हे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल मोटारींचे उत्पादनच थांबविले. इंजिन गेले, गाड्या मात्र राहिल्या.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजारांवर नेण्यात आले. २०१२-१३ मधील गाड्यांची पंधरा वर्षे २०२७-२८ मध्ये भरतील. म्हणजे खरी गर्दी अजून यायची आहे. त्या वेळी गाडी ठेवायची की नाही, हे पुष्कळदा टर्बोच्या निकालावर ठरेल. म्हणूनच तो निकाल योग्य असणे महत्त्वाचे.

निदान आधी, पाना नंतर

टर्बोचे काम सांगायला सोपे आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेल अधिक जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो तरंगतो केवळ इंजिन ऑइलच्या पातळ थरावर.

या रचनेतच बिघाडाची उत्तरे दडलेली आहेत. टर्बोने दाबलेली हवा रबरी होज पाइप आणि इंटरकूलरमधून इंजिनापर्यंत पोहोचते. बारा वर्षांत रबर कडक होते, क्लिपजवळ चिरते. मग दाबलेली हवा वाटेतच फुस्सकन निसटते, इंजिनात डिझेल जास्त व हवा कमी पडते, काळा धूर निघतो आणि पिकअप जातो. टर्बो निकामी झाल्याची जी लक्षणे सांगितली जातात, तीच ही सारी लक्षणे; प्रत्यक्षात दोष मात्र एका पाइपचा. अधिक ताकदीच्या प्रकारांत टर्बोमधील पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा असते. व्हॅक्यूमची बारीक नळी फुटली, तिचा झडपेसारखा सोलेनॉइड बिघडला किंवा पाती काजळीने जाम झाली, तरी परिणाम तोच होतो.

टर्बो खरोखरच निकामी होतो तेव्हाही तो सहसा स्वतःहून मरत नाही. वेळेवर न बदललेले ऑइल घट्ट होते, त्याचा गाळ टर्बोला ऑइल पुरविणाऱ्या अरुंद नळीत साचतो आणि बेअरिंग कोरडे पडते. हे मूळ कारण न शोधता नवा टर्बो बसविला, तर तोही त्याच वाटेने जातो. जुने ऑइल, फिल्टर व ती नळी तशीच ठेवून केवळ महागडा भाग बदलणे, ही दुरुस्ती म्हणता येणार नाही.

वाहनतळात काय शक्य आहे?

यातील प्राथमिक तपासणी सोसायटीच्या वाहनतळात, रविवारच्या सकाळी, कोणालाही करता येते. इंजिन थंड असताना एअर फिल्टर उघडून पाहावा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंतचे प्रत्येक होज हाताने दाबून, वळवून पाहावे. बाहेरच्या बाजूला ऑइलचा ओला, धूळ धरलेला डाग दिसला, तर चीर बहुधा तेथेच असते. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या टर्बोची कळ इंजिन सुरू होताच हलते की नाही, हे दुसऱ्याला चावी फिरवायला सांगून दुरून पाहता येते.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. ते टर्बोच्या सीलमधून येते, तसेच झिजलेल्या रिंगांमधून किंवा इंजिनाची श्वासनळी तुंबल्यामुळेही येते. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा कूलंटचा असू शकतो. फिल्टरकडील पाइप काढून टर्बोचे चक्र बोटाने हलविले, तर बाजूला किंचित हालचाल होणे स्वाभाविक आहे. ते पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती भोवतीच्या कवचाला घासल्याच्या खुणा असतील, तरच ‘टर्बो गेला’ या निकालाला आधार मिळतो.

हजार-दोन हजार रुपयांत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलला जोडला, तर आणखी एक सोपी कसोटी घेता येते. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी आणि हवेच्या दाबाचा आकडा वाचावा. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या जवळ आणि महाबळेश्वरला ८६ च्या सुमारास यायला हवा, कारण तेव्हा सेन्सर केवळ वातावरणाचा दाब मोजत असतो. आकडा भलताच आला, तर टर्बोला दोष देण्यापूर्वी सेन्सर तपासणे इष्ट. पी ०२९९ हा कोड दाब कमी असल्याचे सांगतो. तो कशामुळे कमी आहे, हे मात्र सांगत नाही. कोड वाचणे आणि निदान करणे यांतील हे अंतर अनेक गॅरेजांतही विसरले जाते. अर्थात, जुन्या बीएस-३ गाड्यांपैकी काहींमध्ये असा सर्वसाधारण स्कॅनर चालतच नाही, हेही लक्षात ठेवावे.

काही गोष्टी घरी करूच नयेत. या इंजिनांत डिझेलचा दाब १६०० बारपर्यंत जातो. इंजिन चालू असताना इंधनाची नळी सैल केल्यास निसटणारी धार कातडी भेदून आत शिरते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा आत्मघात होय. टर्बोमधून ऑइल थेट इंजिनात जाऊ लागले, तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही व वेग वाढतच जातो. अशा वेळी बोनेटवर वाकू नये. टर्बो प्रत्यक्ष काढणे-बसविणे, इंजेक्टरचे काम आणि इंजिन उघडणे हे अनुभवी मेकॅनिकवरच सोपवावे. काढलेले जुने ऑइल गटारात ओतू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

माहिती कोणाची?

मात्र सारे तपासून झाल्यावर मालकासमोर भिंत उभी राहते. चढणीवर पूर्ण जोर दिला असता दाब नेमका किती असावा, कळ किती व्हॅक्यूमला किती सरकावी, हे आकडे कंपनीच्या कार्यशाळा-पुस्तिकेत असतात. ती सामान्य मालकाला किंवा गल्लीतल्या मेकॅनिकला सहजी मिळत नाही. युरोपात युरो-५ व युरो-६ मोटारींसाठीच्या २००७ च्या नियमांनी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनीच अशा कायद्याच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडेही हा विषय नवा नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. पुढे हे प्रकरण अपिलांच्या फेऱ्यात गेले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे संकेतस्थळ सुरू केले. मोटारींचा समावेश त्यात आहे. परंतु संकेतस्थळावर ग्राहक सेवा क्रमांक देणे वेगळे आणि दाबाचा आकडा उपलब्ध करणे वेगळे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. शहरांची हवा बिघडलेली असताना जुन्या डिझेल गाड्यांचे आयुष्य वाढवायचे कशाला? कितीही उत्तम दुरुस्ती केली, तरी बीएस-३ इंजिन बीएस-६ होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जी गाडी उद्याही रस्त्यावर असणारच आहे, ती चिरलेल्या होजसह धूर ओकत धावणे अधिक वाईट. त्यातच पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची तपासणी उभ्या जागी ॲक्सिलरेटर दाबून होते. इंजिनावर भार नसल्याने टर्बोचा दाब फारसा चढत नाही. त्यामुळे केंद्रावर उत्तीर्ण झालेली गाडी घाटात काळा धूर सोडताना दिसते, यात नवल नाही.

लवकरच नूतनीकरणासाठी आरटीओच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांपैकी काही खरोखरच थकलेल्या असतील. त्यांना निरोप देणेच योग्य. परंतु कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा नाना पेठेत मिळू शकणाऱ्या एका पाइपसाठी चांगली गाडी भंगारात जावी, यात ना मालकाचे हित आहे, ना पर्यावरणाचे. बिघाड कोठे आहे हे ठरविण्यासाठी लागणारे आकडे खुले करायला सरकारला तिजोरीतून फारसे काही द्यावे लागणार नाही. ते होईपर्यंत मालकाच्या हाती एक साधा प्रश्न उरतो. ‘टर्बो गेला’ असे कोणी म्हणताच त्याने विचारावे : ‘कशामुळे?’