अंगणांतील परका पाहुणा

मलकापुराजवळ नांदुऱ्यास हमरस्त्यालगत 105 फुटी मारुति उभा आहे. त्यास पाहून कोणतेंहि मूल ‘हा कोण?’ असें विचारीत नाहीं. आतां अंगणांत पूर्णाकृति डायनासोर उभा करण्याची हौस निघाली आहे. हौसेस आमची हरकत नाहीं, निवडीस आहे. उभा राहतो तो बहुधा अमेरिकेचा टायरॅनोसॉरस! आमच्याच विदर्भांत, चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांवीं ज्याच्या अस्थि सांपडल्या व 1997 सालीं ज्याचें वर्णन प्रसिद्ध झालें, तो प्रचंड शाकाहारी इसिसॉरस मात्र कोणाच्या खिजगणतींतहि नाहीं. त्याचें 2003 सालचें हें नांवसुद्धां भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलें आहे.

कोणी म्हणेल, मुलांच्या करमणुकींत पांडित्य कशाला? परंतु पुस्तक हातीं येण्यापूर्वीं मूल पुतळ्यावरूनच शिकतें. परका पशु रोज पाहून त्याची समजूत होते कीं, पुरातन सृष्टि परदेशींच नांदली. आपली माती मुकी. अशा समजुतींत वाढलेला मनुष्य उद्यां शेतांत अस्थींचा पाषाण लागला तरी तो बांधावर फेंकून देईल. सिमेंट तेंच, कारागीर तोच. मग मुलानें ‘हा कोण?’ म्हणून विचारल्यास ‘आपल्याच मुलखांतला’ असें उत्तर बापास कां देतां येऊं नये?