पासिंग ऑफिसरची सही

यंत्रातून निघते ते संगीत नव्हे, असे आमच्या सोसायटीचे ठाम मत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या चिरंजिवांनी एका निवृत्त ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना सिंथेसायझर आणि ऱ्हिदम मशीन आणले, तेव्हा 'हा यांत्रिक गोंगाट बंद करावा' असा अर्ज निघाला. मीही सही ठोकली. बँकेत २२ वर्षे काढलेला माणूस. पुढ्यात कागद आला की हात आपोआप चालतो.

अर्जाचे कर्ते तिसऱ्या मजल्यावरचे नाना. शुद्ध संगीताचे कडवे अभिमानी. पहाटे रियाजाला बसतात तेव्हा तंबोऱ्याची साथ कोण करते? प्लास्टिकची एक डबी! पिन खोचली की सुरू. शिवाय नानांकडे पेटी आहे. ही पेटीही परदेशातूनच आलेली. तिच्यातून मींड निघत नाही वगैरे कारणे देऊन ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. आज पेटीवाचून नाट्यगीत म्हणून दाखवा बरे!

मींडीवरून आठवले. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या हिंदी सिनेमातल्या वादकाने तीन रोलँड यंत्रे मांडली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३. हे तिसरे यंत्र गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेले. साथ काही साधली नाही. पण त्याला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येई. सिंगांनी तोडी, मालकंस धरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने तबकडी काढली. कोणी विचारले नाही.

पुढे १९८७ साली तिकडे शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ मधून 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार काढला आणि जग नाचू लागले. २०१० साली एका डच माणसाने सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा आम्हाला साक्षात्कार झाला की, अरे, हा तर आपला! २०१५ साली सिंग गेले.

माझे भांडण आहे ते इथे. यंत्राशी नाही, नानांशीही नाही. आपल्या कानांशी आहे. आपले कान म्हणजे बँकेतला कॅशियर. पासिंग ऑफिसरची सही नसेल तर व्हाउचर परत. बँकेत ते योग्यच, कारण पैसे दुसऱ्याचे असतात. पण कान तर स्वतःचे ना? पेटीला सही मिळायला ३१ वर्षे, सिंगांना २८. तोवर माणूस रिटायर होतो! आणि खिडक्यांची तावदाने हादरवणाऱ्या मिरवणुकीच्या स्पीकरांना मात्र, ढोलाच्या या नाशकात, हीच सोसायटी बिनसहीची वर्गणी देते.

परवा मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. बटण दाबले की गाणे येते, असा माझा समज. चिरंजीव तासभर चार मात्रांवरच अडले होते. जुने यंत्र तापले की सूर हलतो, म्हणून मधूनमधून ते तंबोऱ्यासारखे लावत होते. याला रियाज नाही म्हणायचे तर काय?

मी अर्जावरची सही मागे घेतली. नाना म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं रे?"

काही कळत नाही, नाना. पण मी ऐकून आलो. तुमची सही पहिली आहे, आणि तुम्ही अजून जिना उतरलेला नाहीत.