लुमेनचे आकडे आणि आखातातील उष्मा

दुबईहून सुटीवर गावी निघालेला मराठी गृहस्थ खजुराच्या डब्यांबरोबर, रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजणाऱ्या धाकट्या भावासाठी म्हणून, एखादी दणकट विजेरी हौसेने खरेदी करतो. परंतु तिच्या वेष्टनावरील ‘1,00,000 लुमेन’ हा आकडा तो ज्या निःशंक मनाने स्वीकारतो, ते पाहून विस्मय वाटतो. कारण देऱ्याच्या सुवर्णबाजारात कॅरटचा छाप आणि त्या दिवसाचा भाव यांची खातरजमा झाल्याखेरीज खिशात हात न घालणारा गृहस्थ तो हाच.

वास्तविक या आकड्याचा फोलपणा उघड करण्यास साधे त्रैराशिक पुरते. उत्तम प्रतीचा पांढरा एलईडी एका वॅटमागे स्थूलमानाने 100 ते 150 लुमेन प्रकाश देतो. म्हणजे लक्ष लुमेनसाठी 700 ते 1,000 वॅट वीज हवी. मुठीत मावणाऱ्या विजेरीत पुष्कळदा असतो तो 18650 जातीचा एकच लिथियम सेल, आणि त्यात फार तर 13 वॅट-तास ऊर्जा साठते. एवढा भार त्या सेलला पेलवत नाहीच. पण पेलवला असे वादापुरते मान्य केले, तरी मिनिटाच्या आसपास त्याची सारी पुंजी संपुष्टात यावी.

प्रामाणिक उत्पादकांचे आकडेही तपशिलाअभावी अपुरेच राहतात. 2009 साली अमेरिकेत सिद्ध झालेल्या एफएल 1 या मानकानुसार प्रकाश मोजतात तो विजेरी लावल्यानंतरच्या 30 सेकंदांपासून 2 मिनिटांपर्यंतच्या अवधीत, आणि तिची मुदत धरतात ती प्रकाश आरंभीच्या एक-दशांशावर येईपर्यंत. विजेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेत जात असल्यामुळे, एलईडी व सेल यांना अपाय होऊ नये म्हणून, आतील नियंत्रक काही मिनिटांतच प्रकाश उतरवतो. आणि नेमका हाच उतार वेष्टनावर क्वचितच नमूद असतो. म्हणूनच कवच तापले की माल हलका, हा समजही सोडला पाहिजे. प्रचंड तेजाचा दावा करून जी विजेरी थंडगार राहते, तिच्यात एकतर तेवढे तेज नसते, किंवा उष्णता आतच कोंडलेली असते.

आखातात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कवचाची मर्यादा 55 अंश धरली, तर 25 अंशांच्या हवेत उष्णतेला बाहेर पडण्यास 30 अंशांचे अंतर मिळते. उन्हाळ्यातील 35 अंशांच्या रात्री ते 20 अंशांवर येते, आणि भर दुपारी जहाजाच्या तळघरात 45 अंशांत खपणाऱ्या कारागिराच्या हाती अवघे 10 अंश उरतात. परिणामी टिकाऊ प्रकाशही स्थूलमानाने त्याच प्रमाणात, म्हणजे एक-तृतीयांशापर्यंत, घटतो.

अमिरातीच्या शासनाने 2014 पासून घरगुती दिव्यांच्या गुणवत्तेबाबत नियम अंमलात आणून निकृष्ट दिव्यांना बाजारबंदी केली. ज्या देशाने बल्बच्या बाबतीत ही दक्षता दाखवली, त्याच्या उद्योग व प्रगत तंत्रज्ञान मंत्रालयाने 40 अंशांच्या हवेत, अर्ध्या तासानंतर किती लुमेन उरतात, हा आकडा प्रत्येक विजेरीवर छापण्याचे फर्मान काढणे सर्वथा उचित होईल. तोपर्यंत ग्राहकाने वेळ आणि तापमान यांच्या दाखल्याविना छापलेला कोणताही आकडा किमतीच्या घासाघीशीत शून्य समजावा.