आधी मतपेटी, मग करार

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबडच्या कामगार बंधू-भगिनींनो आणि कारखानदारहो,

संघर्ष नको, सहकार्य हवे, असे उद्योजकांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. सहकार्य आम्हालाही हवे आहे. पण समोर बोलायला बसणारा माणूसही मालकच निवडणार असेल, तर ती बोलणी नव्हेत. मालकाने स्वतःशीच केलेला करार आहे तो. म्हणून आमची मागणी एकच आहे. कोणत्या युनियनला मान्यता द्यायची, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरले पाहिजे.

ही मागणी नवी नाही, आणि ती डावलण्याची किंमत महाराष्ट्राइतकी कोणी मोजलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांना १९४६चा औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यानुसार एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन असे, आणि ती ठरे सभासदांच्या नोंदीवरून. तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १९८१च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उसळला आणि गिरणी कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. मालक म्हणाले, कायद्याने आम्हाला सामंतांशी बोलता येत नाही. ज्यांच्याशी बोलता येत होते त्यांच्यामागे कामगार नव्हता, आणि ज्यांच्यामागे कामगार होता त्यांना टेबलाशी खुर्ची नव्हती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागांनी धंदा ओढून नेला होता, हे सगळे खरे. पण त्या दुखण्यांवर एकत्र बसून तोडगा काढायला दोन्ही बाजूंना खरा प्रतिनिधी लागतो, आणि नेमका तोच कायद्याने दाराबाहेर ठेवला होता.

यातून आपण काय शिकलो? फारसे काही नाही. महाराष्ट्राच्या १९७१च्या युनियन-मान्यता कायद्यात मान्यतेसाठी सहा महिने तीस टक्के सभासदत्वाची अट होती. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने, युनियन एकापेक्षा जास्त असतील तिथे, ती एक्कावन्न टक्क्यांवर नेली. टक्का वाढला, पण तो मोजायचा कसा, हाच तर खरा वाद आहे. पावती पुस्तके कशी भरली जातात, हे शॉपफ्लोरवर सगळ्यांना माहीत आहे. मालकाने स्वतःची युनियन उभी करणे १९७१च्याच कायद्याने अनुचित प्रथा ठरवले. तरी सुपरवायझर सभासदत्वाचे फॉर्म वाटत फिरतात आणि नकार देणाऱ्याची बदली होते.

गुप्त मतदान शक्य नाही म्हणणाऱ्यांनी रेल्वेकडे पाहावे. तिथे २००७, २०१३ आणि २०२४ साली लाखो कर्मचाऱ्यांनी मत देऊन मान्यताप्राप्त युनियन निवडल्या. अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये गुप्त मतदानाची पद्धत टप्प्याटप्प्याने घालून दिली. मग चारशे कामगारांच्या कारखान्यात एक दिवस मतपेटी ठेवायला कसली अडचण आहे?

कारखानदारहो, यात तुमचेही हित आहे. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी सप्टेंबर २०२४पासून महिनाभराहून अधिक काळ संप केला. त्यांची एक मुख्य मागणी स्वतःच्या युनियनला मान्यता ही होती. पुढे जानेवारी २०२५मध्ये त्या युनियनची नोंदणी झालीच. जी युनियन शेवटी उभी राहिलीच, तिला अडवण्यासाठी एवढे दिवस उत्पादन का बुडवायचे? खिशातल्या युनियनची सही मिळवणे सोपे असते, पण कामगार ती सही आपली मानत नाही, आणि करार वर्षभरातच फाटतो. निवडून आलेल्या युनियनपुढे ताळेबंद ठेवा, ऑर्डरी घटल्या असतील तर आकडे दाखवा. उत्पादनाचे लक्ष्य वाढवायचे असेल, तर वेळमोजणी दोघांनी मिळून करा.

आता आपल्या पुढाऱ्यांना. युनियनच्या निवडणुका वेळेवर होत नाहीत, वर्गणीचा हिशेब गेट मीटिंगमध्ये वाचला जात नाही, हे चालणार नाही. केलेला करार मुदतभर पाळायची जबाबदारी आपलीही आहे. आणि सर्वांत मोठी लाज ही की, आपले बहुतेक वेतनकरार फक्त पर्मनंट कामगारांचे असतात. त्याच लाइनवर तेच काम करणाऱ्या कंत्राटी पोराला कितीतरी कमी पगार, आणि दोनशे चाळीस दिवस भरायच्या आत ब्रेक. कागदोपत्री तो ठेकेदाराचा माणूस, म्हणून त्याला मत नाही. त्याला वगळून केलेल्या करारात मालकाशी सलोखा असेलही, पण तो त्या पोराच्या पगारातून घेतलेला आहे. निवडलेल्या युनियनने कंत्राटी कामगारांचे दोन प्रतिनिधी बोलणीत बसवावेत, आणि मालकाने त्याला हरकत घेऊ नये.

ज्या कारखान्यात वेतनकराराची मुदत या वर्षी संपते आहे, तिथल्या कामगारांनी मागणीपत्रकातली पहिली मागणी मतदानाची लिहावी. पगारवाढीचा आकडा त्याच्या खाली येऊ द्या. पत्रकाची एक प्रत व्यवस्थापनाला आणि एक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या. दोन्हींची पोच घ्या.