साखर वगळली तरी फळांच्या पेयातील गुण टिकतात का?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये फळांच्या रसाच्या वेष्टनांवरील आणि जाहिरातींतील 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचे निर्देश उत्पादकांना दिले. त्यानंतर रसाच्या शुद्धतेविषयी बरीच चर्चा झाली. रसाला गोडी कशाने आणली जाते, हा प्रश्न मात्र तुलनेने मागे राहिला. साखरेमुळे वाढणारे उष्मांक सर्वांना परिचित आहेत. परंतु गोडी आणणारा पदार्थ बदलला, तर फळातील उपयुक्त वनस्पतिजन्य द्रव्ये शरीरात शोषली जाण्याचे प्रमाणही बदलते काय, याचा शोध शास्त्रज्ञ काही वर्षांपासून घेत आहेत.

जांभूळ, कोकम, डाळिंब यांना गडद रंग देणारी अँथोसायनिन आणि संत्री-लिंबातील हेस्पेरिडिन ही अशा द्रव्यांची ठळक उदाहरणे होत. ती पेल्यात असली म्हणजे रक्तात पोहोचलीच, असे होत नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये एका अँथोसायनिनमधील कार्बनवर खूण करून ते आठ पुरुषांना दिले. मूत्र आणि उच्छ्वास यांतून त्याचा सुमारे १२ टक्के भाग परत मिळाला, आणि तोही बहुतांशी मूळ रूपात नव्हे, तर शरीराने व आतड्यातील जिवाणूंनी रूपांतर केलेल्या द्रव्यांच्या रूपात. पूर्वी हे प्रमाण याहूनही बरेच कमी मानले जात असे. हेस्पेरिडिनची वाट तर आणखी लांबची आहे. त्याला जोडलेली शर्करा लहान आतड्यात सुटत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी ती तोडल्यावरच त्याचे शोषण होते.

साखर या प्रवासात दोन ठिकाणी आड येऊ शकते. दाट गोड द्रव जठरातून सावकाश पुढे सरकतो, ही एक बाब. दुसरे असे की, ग्लुकोजला आतड्याच्या अस्तरातून आत नेणारी प्रथिनेच यांतील काही संयुगांनाही वाहून नेत असावीत, असा तर्क आहे. तसे असल्यास साखरेची गर्दी त्यांची वाट अडवणार. एल्डरबेरीच्या रसावर ऑस्ट्रियात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साखर मिसळल्यावर मूत्रात आढळणारी अँथोसायनिन घटली आणि उशिरा आली.

स्पेनमधील मुर्सिया येथील संशोधन संस्थेने हा प्रश्न अधिक विस्ताराने हाताळला. चिलीत आढळणारे माकी नावाचे जांभळे फळ आणि लिंबू यांचे पेय तयार करून त्याचे तीन प्रकार करण्यात आले: एकात साखर, दुसऱ्यात स्टीव्हिया, तिसऱ्यात सुक्रलोज. जादा वजनाच्या स्वयंसेवकांनी सुमारे दोन महिने ते प्राशन केले. २०२० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या निष्कर्षांनुसार, साखरेऐवजी हे पर्याय वापरल्याने शोषणाला सरसकट बाधा आली नाही. काही द्रव्यांच्या बाबतीत ते अधिक झाल्याचेही दिसले. फळाचे गुण मिळण्यासाठी साखर आवश्यक आहे, असा युक्तिवाद यापुढे टिकणे कठीण आहे.

मात्र त्यावरून पर्यायी गोडीला निर्धोक ठरवणे घाईचे होईल. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. सॅकरिन, सुक्रलोज, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया या चारही पदार्थांनी आतड्यातील जिवाणूसृष्टीत बदल घडवला. पैकी सॅकरिन आणि सुक्रलोज यांनी रक्तातील साखरेच्या नियंत्रणावरही परिणाम केला. ज्या जिवाणूंवर हेस्पेरिडिनचे शोषण अवलंबून आहे त्यांच्याच वस्तीत हा फेरबदल होतो, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी असे पदार्थ वापरू नयेत, अशी शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, हा तपशील बातम्यांत अनेकदा गळून पडतो.

भारतात तो तपशील मोलाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी साखर की पर्याय, ही निवड रोजची आहे. परंतु 'रेडी टू सर्व्ह' प्रकारच्या पेयात नियमानुसार फळांचा रस किमान १० टक्के असला तरी पुरतो. लिंबाच्या पेयात तर ५ टक्के. मुळात द्रव्यच इतके अल्प असेल, तर त्याचे शोषण थोडे वाढले काय किंवा घटले काय, पिणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

पारंपरिक पेयांची अडचण निराळी आहे. कोकण-गोव्यातील अमृत कोकम करताना कोकमाच्या सालींत साखर भरून ती उन्हात ठेवली जाते; तीच साखर सालीतून रस ओढून घेते आणि तो टिकवतेही. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असलेले सुक्रलोज चिमूटभरच लागते, त्यामुळे ही दोन्ही कामे त्याच्याकडून होणार नाहीत. साखरविरहित कोकम सरबतासाठी वाळवलेली आमसुले पाण्यात भिजवून घेणे, हाच सोपा मार्ग उरतो.