आधी पट सांगा, मग लेख लिहा

मे महिन्याच्या सुट्टीत लेकीकडे गोत्रीला गेलो होतो. गोत्री हे एके काळचे खेडे, आता बडोदे शहरातच मिसळून गेले आहे. शेजारी गायकवाडी काळात तिकडे गेलेले एक मराठी कुटुंब राहते. घरातल्या आजींना आपल्या लहानपणच्या मराठी शाळेविषयी एका मराठी दैनिकाला लिहून पाठवायचे होते. त्या सांगत गेल्या, नातू लिहीत गेला. कागद तपासायला माझ्याकडे आला आणि मी चाट पडलो. शब्द न् शब्द मराठी, पण अक्षरे गुजराती! एकाही ओळीवर शिरोरेघ नाही. "काका, मराठी बोलता येतं, लिहायला कुणी शिकवलंच नाही," पोरगा म्हणाला.

हे घडले ते बडोद्यात. १९२१ साली इथल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते केसरीचे न. चिं. केळकर. दामोदर सावळाराम यंदे यांचे 'श्रीसयाजीविजय' हे मराठी पत्र याच गावातून निघे. कारभाराचे शब्द मराठीसह आठ भाषांत देणारा 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' १९३१ साली इथेच छापला गेला. २०१८ मध्ये पुन्हा संमेलनही झाले. एवढे वैभव असूनही घरातली मराठी जिभेवर राहिली आणि हातातून गेली. त्या कुटुंबाला मी बोल लावत नाही. गुजराती ही त्यांच्या पोटापाण्याची भाषा आहे आणि ते तिथे सुखाने नांदतात. पण आपले काय? आपली पोरे मोबाईलवर मराठी कोणत्या अक्षरांत लिहितात, ते एकदा घरी पाहा.

आपल्या गावांत पेपर वाचणारे पुष्कळ आहेत. चहाच्या गाड्यावर एकाच अंकाची चार पाने चौघांच्या हातात असतात. लिहिणारा मात्र शोधून सापडत नाही. निषेध सभा झाली की भाषणे दहा होतात आणि बातमी पाठवायची कुणी यावरून एकमेकांची तोंडे पाहतात.

मी स्वतः काही शहाणा नव्हतो. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून चार पानी लेख घेऊन एका दैनिकाच्या कचेरीत गेलो. बी.एड. झालेला माणूस, निबंधाचे मार्क चांगले. त्यामुळे लेखात मायमराठीची गळचेपी होती, अन्यायाचा वरवंटा होता, रक्ताचा शेवटचा थेंबही होता. उपसंपादकांनी चष्म्यावरून पाहून विचारले, "सर, शाळेचा पट किती?" मला सांगता आला नाही. "जागा कधीपासून रिकामी? अर्ज कितींदा केला? आवक क्रमांक?" एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शेवटी म्हणाले, "मग यात बातमी कुठं आहे?" फार राग आला. एस.टी.त बसल्यावर तो उतरला.

पुढच्या खेपेस चौदा ओळी नेल्या. पट, मंजूर शिक्षक, हजर शिक्षक, अर्जांच्या तारखा, आणि साहेबांना विचारल्यावर त्यांनी दिलेले उत्तर. छापून आल्यावर आठवड्याभरात अधिकारी शाळेत आले, हातात तेच कात्रण. शिक्षक लगेच मिळाला नाही, पण 'तुमच्याकडून लेखी काही आलेच नाही' हे वाक्य मात्र कायमचे बंद झाले.

लेख लिहायचा म्हणजे एवढेच. काय झाले, कुठे, केव्हा, कुणाचे किती अडले, हे पहिल्या दोन-तीन ओळींत यावे. समोरच्याचे म्हणणे विचारून घ्यावे. कायद्याचा आधार असेल तर नेमका द्यावा. आपण ज्या १९५६ साली सीमेपलीकडे ढकलले गेलो, त्याच सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे ते सांगते. ते लेखात आले की साहेब खुर्चीत सरळ बसतात. शेजारच्या कन्नड शेतकऱ्याला शिव्या दिल्याने काहीच होत नाही. त्याचा पोरगाही शिक्षकाविना बसलेला असतो. आणि प्रत ठेवायला विसरू नका. माझ्या निम्म्या लेखांच्या प्रती उंदरांनी खाल्ल्या.

वयाची आणि शिक्षणाची सबब नको. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'ने छापला. तिने जे सोसले, पाहिले, तेच लिहिले होते. आपल्या सातवीच्या मुलींना आपण मात्र अजून 'माझा आवडता ऋतू' लिहायला देतो.

समितीच्या मागच्या बैठकीत मी प्रत्येक गावातून एक मुलगा आणि एक मुलगी मागितली, दर शनिवारी दुपारी दोन तासांसाठी. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "मास्तर, लेख लिहून सीमा हलणार काय?" लेखाने सीमा हलत नाही, हे मलाही कळते. पण लिहिणारेच उरले नाहीत, तर उद्या सीमा हलली तरी पलीकडून येणारा अर्ज कोणत्या अक्षरांत असेल? बैठकीत यावर फार चर्चा झाली नाही. चहा आला होता.

गोत्रीच्या त्या पोराबरोबर मी चार संध्याकाळी बसलो. शिरोरेघ ओढताना तो जीभ बाहेर काढायचा. आजींचा लेख पाचव्या दिवशी पोस्टात पडला. आमचा पहिला वर्ग येत्या शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात आहे. येणाऱ्यांनी वही-पेन आणावे आणि आपल्या शाळेचा पट विचारून यावे.