नकाशे खुले झाले, पण मोजायचं कोण शिकणार?

15 फेब्रुवारी 2021 ला केंद्र सरकारने नकाशांचे नियम सैल केले. काही संवेदनशील गोष्टी सोडल्या, तर भारतीय संस्थांना आणि कंपन्यांना नकाशे बनवण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची 10 मीटर रिझोल्यूशनची चित्रंही मोफत मिळतात. मग अडतंय कुठे?

समजा, नदीपासून 100 मीटरच्या पट्ट्यात किती घरं येतात ते बघायचंय. तुमचा डेटा अक्षांश-रेखांशात असेल, तर त्या 100 चा अर्थ मीटर नाही, अंश होतो. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण 111 किलोमीटर! पट्टा थेट देशाबाहेर जातो. म्हणून आधी डेटा मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रणालीत बदलून घ्या. पुण्यासाठी झोन 43, नागपूरसाठी 44.

एवढी मोठी चूक लगेच दिसते. पण झोन चुकला, तर नकाशा दिसतो ठीकठाक आणि अंतरं मात्र थोडी चुकतात. पूररेषेच्या काठावरच्या घरासाठी ते ‘थोडं’सुद्धा खूप असतं. म्हणून रंग भरण्याआधी एकक आणि झोन तपासा. डेटा खुला झाला, तरी ही जबाबदारी आपलीच आहे.